कुत्र्याला घेऊन डोंगर चढायचाय? मग पन्हाळ्याच्या पायथ्यापासून सुरुवात करा

परवा कोल्हापुरात रंकाळा तलावावर सकाळी एक पोरगा भेटला, सोबत आठ महिन्यांचं लॅब्राडोर, गुबगुबीत एकदम, आणि मला म्हणतोय दादा पुढच्या महिन्यात याला घेऊन पन्हाळा-पावनखिंड करतोय, काय काय घेऊ बरोबर? मी म्हटलं आधी कुत्रं घरी ठेव, मग सांगतो काय घ्यायचं ते. त्याला राग आला बहुतेक. पण असं विचारणारे आता लई भेटायला लागलेत, रील बघायची, बर्फात कुत्रं बसलंय, मागं शिखर, आणि यांना वाटतं आपल्या टॉमीला पण न्यावं. न्या की, मी नको म्हणत नाही, आमचा पैल्या (पूर्ण नाव पैलवान, गंगावेशीत सापडलेलं गावठी पिल्लू) सहा वर्षं माझ्यासोबत डोंगर चढतोय. पण मी सुरुवातीला ज्या चुका केल्या त्या तुम्ही करू नका म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

एक गोष्ट आधीच डोक्यात बसवा. माणूस दमला की शिव्या देतो, बसतो, परत जाऊया म्हणतो. कुत्रं असलं काही म्हणत नाही. ते पाय सोलले तरी तुमच्या मागं येणार, ताप चढला तरी येणार, कारण तुम्ही पुढं चाललाय. त्यामुळं थांबायचं कधी आणि माघारी फिरायचं कधी हे त्याच्या वतीनं तुम्हालाच ठरवावं लागतं, आणि खाली लिहिलेलं सगळं त्याच एका कामासाठी आहे.

आधी कुत्रं बघा, डोंगर नंतर

वय. पिल्लाची हाडं वाढत असतात, मोठ्या जातीत हे एक ते दीड वर्षापर्यंत चालतं, तोवर लांब चढ-उतार आणि उड्या नकोत, सांध्यांची वाट लागते. लॅब आणि जर्मन शेफर्डमध्ये खुब्याचा त्रास मुळातच जास्त असतो, त्यांचा तर डॉक्टरांना विचारून एक्स-रे काढलेला बरा. म्हातारं कुत्रं असेल तर त्याला सपाटीवरच फिरवा, त्यात काय कमीपणा नाही.

नाक. पग, शिह त्झू, बुलडॉग, बॉक्सर असली चपट्या नाकाची मंडळी असतील तर विषय इथंच संपवा. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, पंजातून थोडासा येतो तेवढाच, बाकी सगळी गरमी ते जीभ बाहेर काढून धापा टाकून घालवतं, आणि ज्याचं नाकच दाबलेलं आहे ते धापा टाकणार कशी. हस्कीवाल्यांचं वेगळं दुखणं, त्यांना बर्फ चालतो पण कोल्हापूरचा मार्च चालत नाही.

आपल्याकडं सगळ्यात चांगलं चढतं ते गावठी कुत्रं. कारवानी, मुधोळ पण भारी, कर्नाटकातलं मुधोळ गाव तर आपल्यापासून लांब नाही, बरेच जणांकडं असतात. पण ती पळणारी जात, ससा दिसला की गेलं. अंगावर चरबी नाही, केस बारीक, त्यामुळं थंडीत कुडकुडतात, रात्री मुक्काम असेल तर स्वेटर किंवा जॅकेट लागतंच.

आणि वजन. तुमचं कुत्रं किती किलोचं आहे आणि तेवढं वजन तुम्ही डोंगरावरून खाली आणू शकता का? हा प्रश्न कुणीच स्वतःला विचारत नाही. मी पण विचारला नव्हता. घरी एकदा चादरीची झोळी करून त्याला पाठीवर घ्या आणि जिना चार वेळा वरखाली करा, मग कळेल.

डॉक्टरांकडं एक फेरी

रेबीजची लस दरवर्षीची झालेली पाहिजे, बाकीच्या एकत्रित लसीत लेप्टोस्पायरोसिसचा भाग आहे का ते मुद्दाम विचारा, कारण पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून, उंदरांच्या मुतातून हा आजार येतो आणि डोंगरात कुत्रं डबक्यात तोंड घालणारच. जंताचं औषध द्या. गोचिडासाठीची गोळी किंवा मानेवर टाकायचं औषध ट्रेकच्या आधी, डॉक्टर सांगतील तेवढे दिवस अगोदर. गोचीड ताप हा आपल्या भागात कुत्र्यांना हमखास होणारा आजार, नुसतं मरगळलंय म्हणून सोडून देतात लोक आणि मग रक्त चढवायची वेळ येते.

त्याच फेरीत अजून एक काम करा, सापाचं इंजेक्शन कुत्र्यासाठी कोणत्या दवाखान्यात मिळतं आणि रविवारी कोण उघडं असतं ते विचारून नंबर घेऊन ठेवा. साप चावल्यावर शोधत बसू नका.

तीन शब्द शिकवा

"ये", "थांब" आणि "सोड". बस, शेकहँड, गोळी घातल्यावर मरायचं नाटक, हे सगळं घरी पाहुण्यांसाठी. डोंगरात हे तीनच कामाचे. "ये" म्हटल्यावर समोर मांजर असली तरी परत आलं पाहिजे. "थांब" म्हणजे आहे तिथं थांब, हे उतारावर लई उपयोगी, कारण खाली उतरताना कुत्रं ओढतं आणि तुम्ही तोंडावर पडता. "सोड" म्हणजे तोंडात घेतलेलं टाक, मग ते हाड असो, मेलेला उंदीर असो नाहीतर कुणीतरी फेकलेलं बिर्याणीचं पाकीट.

हे पक्कं व्हायला दोन महिने लागतात रोज दहा मिनिटं धरून. पक्कं झालं तरी लीड (कुत्र्याला धरायची दोरी) सोडायची नाही, ते का ते पुढं सांगतो.

सराव, म्हणजे पहिले दोन महिने

पहिले दोन आठवडे रंकाळा किंवा कळंब्याचा तलाव, पहाटे साडेपाचला, सलग तासभर चालणं. मग टेकडी. कात्यायनीची टेकडी भारी आहे सुरुवातीला, चढ आहे पण आवाक्यातला. आठवड्यातून दोनदा तिथं जा, उरलेले दिवस सपाटीवर, आणि एक दिवस पूर्ण आराम, त्याला पण आणि तुम्हाला पण.

महिन्याभरानं जोतिबाचा डोंगर, कुशिऱ्याच्या बाजूनं पायी. चैत्रातली यात्रा आणि रविवार टाळा, गर्दी, गुलाल, हलगी, कुत्रं बावचळून जातं. देवळात नेऊ नका हे सांगायला नको, एकानं बाहेर कुत्र्याजवळ थांबायचं आणि दुसऱ्यानं दर्शन घेऊन यायचं, मग आलटून पालटून. २०२२ ला केदारनाथला एकानं हस्की मंदिराशी नेला तर किती गदारोळ झाला होता आठवतंय ना, तसलं काही आपल्या नावावर नको.

मग पन्हाळा. पायथ्यापासून चढलात तर नव्या कुत्र्याला ही खरी परीक्षा. वर गडावर रस्ते आहेत, गाड्या आहेत, घोडे आहेत, झुणका-भाकरीवाल्यांच्या आसपास गडावरची कुत्री आहेत, त्यामुळं लीड आखूड धरा. अंबरखान्यात वगैरे आत नेऊ नका, संरक्षित वास्तू आहे, आणि आता तर २०२५ पासून जागतिक वारसा यादीत आहे, तिथल्या भिंतीवर आपल्या पैल्यानं पाय वर करावा हे काय बरं दिसत नाही. शेजारचा पावनगड त्यामानानं शांत, मी नवीन लोकांना तिकडंच पाठवतो.

दोन महिन्यांनी कुत्रं पन्हाळा चढून-उतरून दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं जेवत असेल, लंगडत नसेल, तर पुढचं बघा.

कधी जायचं

ऑक्टोबरच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. बास. पावसात निसरडं, जळवा, लेप्टो, धुकं, आणि जुलैत पावनखिंडीच्या वाटेवर तर हजारो माणसं चिखल तुडवत असतात, पन्नासेक किलोमीटरची वाट आहे ती, दोन दिवसांची, त्यात नवीन कुत्रं नेणं म्हणजे त्याच्यावर सूड उगवणं आहे. रंकाळ्यावरच्या पोराला हेच सांगत होतो.

उन्हाळ्याचं मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. चार वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये मसाई पठारावर गेलो, निघायला उशीर झाला, वर पोचेपर्यंत अकरा वाजले. मसाई पठार म्हणजे जांभा दगड, खरखरीत, किसणीसारखा, आणि उन्हात तव्यासारखा तापतो. झाड नाही सावलीला. पैल्या चालत होता, शेपूट पण हलत होती, मला काय कळलंच नाही. पांडवदऱ्याच्या अलीकडं बसलो तेव्हा दगडावर लाल ठसे दिसले, मागं वळून बघतो तर बरंच अंतर तसेच ठसे. पंजाची कातडी गेली होती दोन पायांची. बावीस किलोचं कुत्रं, माझा टॉवेल आणि मित्राची चादर, दोन तास आळीपाळीनं खांद्यावर आणलं गाडीपर्यंत. वाटेत एक धनगर मामा भेटले, त्यांनी पाणी दिलं आणि एवढंच म्हणाले, आमची कुत्री पण या वेळेला झाडाखाली असतात रं. वर्मावर बसलं अगदी.

तेव्हापासून नियम, दगडावर हाताची उलटी बाजू ठेवायची आणि सावकाश सातपर्यंत मोजायचं. सात व्हायच्या आत हात उचलावा लागला तर कुत्र्यानं तिथं चालायचं नाही. आणि सकाळी दहाच्या आत माघारीची वाट धरलेली पाहिजे.

सॅकमध्ये काय

हार्नेस (छाती-पाठीभोवती बसणारा पट्टा) घ्या, नुसता गळ्यातला पट्टा नको, घसरला तर गळफास बसतो. पाठीवर धरायला मूठ असलेला हार्नेस मिळतो, दगडी टप्प्यावर उचलून घ्यायला तोच कामाला येतो. नवीन हार्नेस थेट ट्रेकला घालू नका, बगलेत घासतो, महिनाभर आधी रोज घाला. लीड दोन मीटरची साधी कापडी, ती बटण दाबून लांब होणारी अजिबात नको, झुडपात अडकते.

पाणी. घरी बसलेल्या कुत्र्याला पण दिवसाला किलोमागं पन्नास-साठ मिली पाणी लागतं, म्हणजे वीस किलोच्या कुत्र्याला लिटरभर. चढताना त्याच्या दुप्पट धरा आणि ते तुमच्या पाण्याव्यतिरिक्त. घडी होणारं रबरी भांडं घ्या. दर वीस-पंचवीस मिनिटांनी थोडं थोडं पाजा, एकदम लिटरभर नको. गडावरच्या टाक्यांमध्ये कुत्र्याला उतरवू नका, ते पाणी लोक पितात.

पंजासाठी बूट मिळतात, पैल्यानं पाच मिनिटं चित्रविचित्र पावलं टाकली आणि मग फेकून दिले, आता मी फक्त जखम झाली तर घालायला दोन ठेवतो. आदल्या रात्री पंजाला खोबरेल तेल चोळतो, भेगा पडत नाहीत.

औषधात बेटाडीन, कापूस, स्वतःलाच चिकटणारी पट्टी, गोचीड-काटा काढायचा चिमटा, थर्मामीटर, आणि एक तोंडाला बांधायची जाळी. तुमचं कुत्रं कितीही गरीब असू दे, दुखत असताना हात लावला की चावणार, त्याचा दोष नाही त्यात. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्याला कधीच देऊ नका, आयब्रुफेननं मूत्रपिंडं जातात.

खायचं. निघायच्या दोन-तीन तास आधी हलकं, मग चढताना थोडं थोडं. भरल्या पोटी पळवलं तर मोठ्या कुत्र्यांचं पोट फुगून पीळ पडू शकतो, त्यात जीव जातो. मी उकडलेलं चिकन आणि भात नेतो, बिनमिठाचा, बिनमसाल्याचा. इथं आपल्या कोल्हापूरकरांना खास सांगणं, आपल्या डब्यातला रस्सा, सुकं मटण यातलं बोटभर पण देऊ नका. आपली चटणीच कांदा-लसणाची, आणि कांदा-लसूण दोन्ही कुत्र्याच्या रक्ताला विष. शिजलेलं हाड तुकडे होऊन आतडं फाडतं. मनुके आणि चॉकलेट पण नको, म्हणजे तुमच्या सुक्या मेव्याची पिशवी सांभाळा.

वाटेत कोण कोण भेटतं

लीड का सोडायची नाही ते आता. आपला भाग गव्यांचा आहे. दाजीपूरचं अभयारण्य १९५८ पासून गव्यांसाठीच ओळखलं जातं, पण गवे काय बोर्ड वाचून आत थांबत नाहीत, पन्हाळ्याच्या बाजूला पण दिसतात. मोकळं कुत्रं गव्यावर जाऊन भुंकतं, गवा चिडून मागं लागतो, कुत्रं घाबरून पळतं आणि पळून कुठं येतं? तुमच्याकडं. मागं सात-आठशे किलोचा गवा घेऊन. गवा दिसला की कुत्र्याला जवळ घ्या, तोंड धरा, गप्प मागं सरका, वाट सोडा. म्हशींच्या कळपाला पण हेच.

बिबट्याचं आवडतं खाणं कुत्रं. मुक्काम असेल तर रात्री कुत्रं तंबूच्या आत, तुमच्या पायाशी, बाहेर दगडाला बांधून ठेवायचं नाही. हिमालयात मेंढपाळ आपल्या भोटिया कुत्र्यांच्या गळ्यात लोखंडी काट्यांचा पट्टा घालतात तो याच्यासाठीच, बिबट्या मान धरतो म्हणून.

धनगरवाड्यावरची कुत्री राखणदार असतात, ती त्यांचं काम करणार. लांबून हाक मारा, माणूस बाहेर आला की मग पुढं जा, काठी उगारू नका.

आग्या मोहोळ कड्याला दिसलं तर आवाज न करता मागं फिरा, धूर, सेंट, ओरडणं काही नको. साप चावला तर कुत्र्याला चालवू नका, उचला, जखम कापू नका, आवळून बांधू नका, त्या नंबरवर फोन करा आणि सुटा. जळवा लागल्या तर फार घाबरायचं कारण नाही, फक्त नाकात गेलीय का बघा.

सप्टेंबर-ऑक्टोबरात पठारावर फुलं असतात, आणि टिटवीसारखे पक्षी उघड्या जमिनीवरच अंडी घालतात, एक मोकळं कुत्रं पाच मिनिटात घरटं संपवतं. मसाई पठार आता संवर्धन राखीव आहे, तिथं वन खात्याचं काय चालू आहे ते विचारून जा. राधानगरी-दाजीपूर, चांदोली इथं पाळीव कुत्रं न्यायचंच नाही, आपल्या कुत्र्याचे रोग रानातल्या कोल्ह्या-लांडग्यांना, रानकुत्र्यांना लागतात. गेटवर हुज्जत घालणारे बघितलेत मी, लाज वाटते.

ऊन लागलंय कसं ओळखायचं

हे पाठच करा. धापा थांबत नाहीत, सावलीत पाच-दहा मिनिटं बसवलं तरी. जीभ रुंद होते, टोकाला पसरट. हिरड्या गडद लाल, लाळ चिकट घट्ट. चालताना झोकांड्या, उलटी. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट, १०४ च्या वर गेलं की धोका सुरू.

असं दिसलं की तिथंच थांबा. आधी गार करायचं, मग दवाखाना. सगळं पाणी ओता, तुमचं पण, पोटावर, जांघेत, पंजांवर, आणि टोपीनं वारा घाला. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, आत गरमी कोंडते. शुद्धीत असेल तर घोट घोट पाजा. उठून शेपूट हलवायला लागलं तरी त्या दिवशी डॉक्टरांकडं न्यायचंच, आतला बिघाड नंतर कळतो.

मोठी शिखरं

इथवर वर्षभर झालं की लोक विचारतात, कळसूबाई? १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच, न्यावंसं वाटणारच. पण कळसूबाई अभयारण्याच्या हद्दीत येतं, त्यामुळं वन खात्याला आधी विचारा, आणि दुसरं म्हणजे तिथल्या लोखंडी शिड्या. शिडीच्या पायऱ्यांमधून कुत्र्याचा पाय खाली जातो, मोडतो. पाठीवर घ्यायची सवय नसेल तर शिडीच्या खालूनच नमस्कार करा.

हिमालयात नॅशनल पार्कात कुत्रं चालत नाही, आणि बरेचसे फेमस ट्रेक पार्कातच आहेत, केदारकांठा धरून, म्हणून ठिकाण ठरवायच्या आधी ते बघा. पहिल्यांदा त्रिउंडसारखं काहीतरी घ्या धरमशालेजवळ, तीन हजार मीटरच्या आतलं. रेल्वेनं न्यायचं तर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे बुक करावा लागतो नाहीतर गार्डाच्या डब्यातला पिंजरा. त्या पिंजऱ्यात मी माझ्या कुत्र्याला दोन दिवस ठेवणार नाही, तुमचं तुम्ही बघा.

विरळ हवेचा त्रास कुत्र्याला पण होतो, आणि डोकं दुखतंय हे ते सांगू शकत नाही. खाणं नाकारलं, बसकण मारली, खोकला लागला, हिरड्या निळसर दिसल्या तर रात्र काढायची नाही, तडक खाली. तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची दिवसाला तीनशे ते पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नका, मधे एक दिवस थांबा. बर्फात बोटांच्या मधे गोळे जमतात, ते काढत राहा.

कुणीतरी आता मेराचं नाव काढणारच. २०१८ च्या नोव्हेंबरात नेपाळमध्ये मेरा नावाची एक भटकी कुत्री एका टीमच्या मागं मागं जात बारुंत्से चढली, सात हजार मीटरच्या वरचं शिखर. खरी गोष्ट आहे. पण ती तिकडच्याच डोंगरात वावरलेली होती, तिला कुणी नेलं नव्हतं, ती आपणहून गेली, आणि उतरताना ती घाबरली तेव्हा तिला दोरानं धरून आणायला शेर्पा होते. आपल्याकडं तिघातलं एक पण नाही.

घरी आल्यावर

कोमट पाण्यानं धुवा, आणि धुताना हातानं चाचपा, कानाच्या आत, बगलेत, बोटांच्या मधे, शेपटीच्या खाली, ओठाच्या कडेला, गोचीड तिथंच लपतात. गवताचं कुसळ कानात गेलं असेल तर ते डोकं झटकत राहतं. दोन दिवस फक्त शू-शीपुरतं बाहेर. पुढचे दोन-तीन आठवडे ताप, मरगळ, नाकातून रक्त असं काही दिसलं तर डॉक्टरांना "डोंगरात गेलो होतो" हे आधी सांगा, म्हणजे ते गोचीड तापाची तपासणी लगेच करतात.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लीड हातात घेऊन दारात उभे राहा, कुत्रं आपणहून उठून येतं का बघायला. पैल्या मसाईनंतर पाच दिवस उठला नव्हता, सहाव्या दिवशी येऊन हार्नेस हुंगला आणि परत जाऊन झोपला. मी पुढं महिनाभर रंकाळाच फिरवला त्याला.